घरची बिअर, सायडर, मीड नेमकी बिघडते कुठे? या चुका टाळा

"झाकण उघडू नये." आमच्या गॅरेजच्या दारावर हे खडूने मीच लिहिलंय, आणि लिहिलं त्याच शनिवारी ते मोडलंही मीच. पाहुणे आले होते, त्यांना फेस दाखवायचा होता.

आम्ही चौघं, एक नागपूरकर, एक कोल्हापूरकर, एक बेळगावकर आणि मी, ब्रिस्टलमध्ये काही वर्षं घरी बिअर, सफरचंदाचा सायडर आणि मधाची मीड आंबवायचा उद्योग करतोय. सुरुवातीला काही बिघडलं की सगळे यीस्टला शिव्या घालायचो. आता वहीत मागे वळून पाहिलं तर यीस्टने दगा दिल्याची उदाहरणं अगदी थोडी आहेत. बाकी सगळी आमचीच करणी, आणि त्यातली बरीचशी चार माणसं एकत्र आल्यामुळे झालेली. "बाटल्या तू धुतल्यास ना?" "मला वाटलं तू धुतल्यास." बस, एवढ्यावर २० लिटर बिअर गेलेली आहे.

आधी कायद्याचं. ब्रिटनमध्ये घरच्यापुरती बिअर बनवायला १९६३ पासून परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही, आणि घरी दारू गाळणं तर सरळ बेकायदा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय मद्य बनवणं तिथे गुन्हा आहे, आणि 'मित्रांपुरतंच केलं होतं' हे उत्तर चालत नाही. पुण्या-नाशिकच्या वाचकांनी हे फक्त वाचावं.

दुसरा प्रश्न प्रत्येक आई फोनवर विचारते: "विषारी तर होणार नाही ना रे?" २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभराच्या आसपास माणसं गेली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. ते मिथेनॉल होतं, दारूत मिसळलेलं. धान्य, मध किंवा सफरचंद नुसतं आंबवलं तर मिथेनॉल अत्यल्प तयार होतं, सायडरमध्ये फळातल्या पेक्टिन या चिकट घटकामुळे किंचित जास्त, पण धोका होईल इतकं नाही. आंबवणं वेगळं, हातभट्टी वेगळी. घरच्या बिअरमधला खरा धोका फुटणाऱ्या बाटलीचा आहे, त्याकडे येतोच.

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा

स्वच्छतेबद्दल इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं लिहितात. आपल्याला एका वाक्यात कळतं: लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालायचा नाही. फरक इतकाच, की लोणच्यात मीठ, तेल आणि आंबटपणा राखण करतात. माल्टच्या गोड पाण्याचा, म्हणजे वर्टचा, राखणदार कोणीच नाही. उकळून गार केल्यापासून यीस्ट जोर धरेपर्यंतचे १२ ते २४ तास सगळ्यात नाजूक.

इथली नेहमीची चूक म्हणजे धुणं आणि निर्जंतुक करणं एकच समजणं. आधी घासून मळ काढायचा, मग सॅनिटायझर. मळावर सॅनिटायझर ओतून काही होत नाही. बादलीची तोटी उघडून आतून धुवा, आमचे दोन घाणे तिथल्या मळानेच बिघडले. प्लास्टिकच्या बादलीला आतून तारेची घासणी लावू नका, ओरखड्यांत जंतू घर करतात.

आणि ब्लीच वापरू नका. नीट धुतलं गेलं नाही तर क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जुळतं आणि बिअरला बँडेजचा, दवाखान्याच्या फरशीचा वास येतो. तो जात नाही. ब्लीच न वापरताही हा वास आला तर नळाच्या पाण्याकडे बघा. काही भागांत पाण्यात क्लोरामाइन हे जंतुनाशक असतं, ते उकळून सहजी उडत नाही. २३ लिटर पाण्याला अर्धी कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची) चुरून घातली की काम होतं.

गरम दुधात विरजण

यीस्ट म्हणजे विरजण. ज्याला दही लावता येतं त्याला हे शिकवावं लागू नये, तरी दरवर्षी कोणीतरी ३५ अंशांच्या वर्टमध्ये पाकीट फोडतोच, कारण रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि सगळ्यांना घरी जायचं असतं. यीस्ट मरत नाही, उलट उधळतं. मग बिअर पितानाच घशाला झोंबते, रंग पातळ करायच्या थिनरसारखी लागते. साध्या एल (उबेत आंबणाऱ्या बिअरच्या) यीस्टला १८ ते २० अंश बरे. लक्षात ठेवायचं ते हे, की आंबताना उष्णता निघते: खोलीत २० अंश असतील तर बादलीच्या पोटात २३-२४ असू शकतात. म्हणून थर्मामीटर भिंतीवर नको, बादलीला चिकटवा. उन्हाळ्यात आम्ही बादली पाण्याच्या टबात ठेवून ओला टॉवेल गुंडाळतो, माठाला गुंडाळतात तसा. तेही जमत नसेल तर नॉर्वेचं क्वेइक यीस्ट घ्या, त्याला ३० च्या वरचीच ऊब आवडते.

उलट बाजूची चूक थंडीतली. जानेवारीत गॅरेजमध्ये १२ अंश, एल यीस्ट झोपतं, बिअरची घनता (पाण्याची १.०००) १.०२० वर अडकते, त्याखाली उतरत नाही. घाबरून नवं यीस्ट ओतण्याआधी बादली घरात आणा, २१ अंशांपर्यंत येऊ द्या, हलकेच गोल फिरवा आणि तीन दिवस थांबा. तरीही हलली नाही तर कदाचित ती अडकलेलीच नाही. धान्य ७० अंशांच्या आसपास भिजवलं असेल तर यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते आणि बिअर तिथेच थांबते. पुढच्या वेळी ६५-६६ धरा.

बुडबुडे मोजणारे

नागपूरकर आमचा बुडबुडे मोजतो. "मिनिटाला दोन! झाली!" एअरलॉकचे, म्हणजे झाकणावरच्या वायू सोडणाऱ्या पाणीभरल्या नळीचे, बुडबुडे काहीच सिद्ध करत नाहीत. झाकण जरा सैल असलं तर वायू तिथून जातो आणि एअरलॉक मेल्यासारखा बसतो. उलट, दुपारी खोली तापली तर संपलेली बिअरसुद्धा बुडबुडे काढते, कारण विरघळलेला वायू बाहेर येतो.

हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजणारी तरंगती काचेची नळी, घ्या. आंबवण्याआधीचा आकडा, आंबल्यानंतरचा आकडा. दोघांतला फरक १३१ ने गुणला की अल्कोहोलची टक्केवारी. १.०५० वरून १.०१० म्हणजे साधारण सव्वापाच टक्के. मोजतानाही घोळ होतात. वर्ट गरम असताना आकडा कमी दिसतो, २० अंशांवर आणून मोजा. माल्ट अर्काच्या किटमध्ये वरून पाणी घातलं आणि नीट ढवळलं नाही तर नमुना नुसत्या पाण्याचा येतो, आणि बेळगावकर जाहीर करतो की साखर कमी पडली. त्याच्या सांगण्यावरून आम्ही एकदा एक किलो साखर जास्त घातली. ती बिअर आम्ही लहान ग्लासात प्यायलो. आणि रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) असेल तर अल्कोहोल तयार झाल्यावर त्याचा आकडा दुरुस्त केल्याशिवाय धरू नका, तो जास्तच दाखवतो.

बाटली फुटते ती अशी

सगळं सोडा, हे नीट वाचा.

बाटलीत भरताना फेसासाठी थोडी साखर घालतात, लिटरला ६ ग्रॅमच्या आसपास. यीस्ट ती खातं, वायू बाटलीतच कोंडतो, बिअरला फेस येतो. हिशोब असा: ६ ग्रॅम साखर बिअरच्या आकारमानाच्या साधारण दीडपट वायू देते. आधीचा विरघळलेला धरून अडीचच्या आत-बाहेर, म्हणजे छान. आता समजा कोणाचा वाढदिवस आला, बिअर १.०१० वर असताना भरली, आणि ती खरं तर १.००२ पर्यंत उतरणार होती. हायड्रोमीटरचा एकेक बिंदू (०.००१) बाटलीत जवळजवळ अर्धा पट वायू देतो. आठ बिंदू, चार पट. त्यावर तुमची साखर. साध्या बिअरच्या बाटलीला हे झेपत नाही.

आमची फुटली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि शेजारच्या आजीबाईंनी पोलिसांना फोन केला होता. काच गॅरेजच्या दाराच्या फळीत रुतली. तिथे कोणी उभं असतं तर हा लेख मी लिहीत नसतो.

नियम एकच: तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा, आकडा तोच असेल तर भरा. साखर प्रत्येक बाटलीत चमच्याने घालण्यापेक्षा उकळत्या पाण्यात विरघळवून सगळ्या बिअरमध्ये एकत्र मिसळा, नाहीतर एक बाटली मुकी आणि एक बॉम्ब. काचेच्या बाटल्यांबरोबर एक प्लास्टिकची सोड्याची बाटली भरून ठेवा. ती दाबून बघायची. दगडासारखी घट्ट झाली की बाकीच्या फ्रिजमध्ये. शंका आली तर जाड हातमोजे आणि चष्मा घालून, वर जाड चादर टाकून, त्या थंड करा आणि मगच झाकण हळूहळू सैल करा.

सायडरवाल्यांची हीच चूक वेगळ्या कपड्यांत येते. सायडर आंबून कोरडा (गोडी संपलेला), आंबटढाण झाला, कोणाला गोड हवा, म्हणून साखर घालून भरला. ती साखर तुमच्यासाठी नाही, यीस्टसाठी होती. पोटॅशियम सॉर्बेट घालून थांबवता येतं, पण ते यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. म्हणून आंबणं पूर्ण थांबल्यावर, गाळ बसवून, कॅम्पडेनच्या जोडीनेच. गोड आणि फेसाळ दोन्ही हवं असेल तर यीस्टला न पचणारा गोडवा, उदाहरणार्थ एरिथ्रिटॉल, वापरा.

सॉर्बेटचीच उलटी गंमत: दुकानातल्या सफरचंदाच्या रसाच्या खोक्यावर घटक वाचा. त्यात सॉर्बेट असेल तर यीस्टची तीन पाकिटं घातली तरी तो जागचा हलणार नाही. आम्ही दोन घातली होती.

सायडर: ऑक्टोबरची घाई

आमच्या शेजारी सॉमरसेट, सायडरचं माहेरघर. तिथली डॅबिनेट किंवा किंग्स्टन ब्लॅक सफरचंदं चावून बघा, तोंड तुरट होतं. सायडरला अंग त्या तुरटपणातून येतं. नुसत्या खायच्या गोड सफरचंदांचा सायडर पातळ, पाणचट होतो. थोडी आंबट ब्रॅम्ली मिसळली तर सुधारतो. एका डेमिजॉनला, म्हणजे साडेचार लिटरच्या काचेच्या बुधल्याला, ८ ते १० किलो फळ लागतं. झाडाखाली पडलेलं चालेल, सडलेलं नाही. रस काळा पडला तर घाबरू नका, तो पडतोच.

रस उकळू नका. पेक्टिनमुळे तो कायमचा गढूळ राहतो. त्याऐवजी डेमिजॉनला एक कॅम्पडेन गोळी, २४ तास थांबा, मग यीस्ट. त्याच संध्याकाळी यीस्ट घातलं तर गोळी त्यालाही आडवं करते. सडक्या अंड्याचा वास आला तर तो उपाशी यीस्टचा. थोडं पोषक द्या, बहुतेक वेळा उडून जातो.

सायडरचा एक दोष मात्र विचित्र आहे. वास चांगला, पहिला घोट चांगला, आणि गिळल्यावर दहा सेकंदांनी तोंडात उंदराच्या पिंजऱ्याची चव. थुंकीने आंबटपणा कमी झाला की ती वर येते. गंमत म्हणजे काहींना ती कळतच नाही. कोल्हापूरकर दोन ग्लास मजेत प्यायला, आम्ही तिघं बेसिनपाशी. यावर इलाज नाही. डेमिजॉन गळ्यापर्यंत भरलेला ठेवणं आणि हवा लागू न देणं, एवढंच हातात.

मीड आणि छतावरचा डाग

'मध' आणि 'मीड' हे शब्द एकाच मुळातले, म्हणून आम्हाला वाटलं हे तर घरचंच. दीड किलो मध, पाणी घालून साडेचार लिटर, म्हणजे सुमारे १.०९७ आणि बारा-तेरा टक्क्यांची मीड. मध उकळायची गरज नाही, सुगंध जातो.

पण मधात यीस्टला नायट्रोजन जवळजवळ मिळत नाही. मूठभर बेदाणे टाकून ते भागतं ही समजूत आहे. पोषकाची पूड पहिल्या तीन दिवसांत थोडी-थोडी घालावी लागते. मी ती कोरडीच, एकदम, आंबत्या मीडमध्ये टाकली. पुडीच्या प्रत्येक कणावर वायू सुटला आणि मीड गळ्यातून कारंज्यासारखी वर. छतावरचा तपकिरी डाग बायको पाहुण्यांना दाखवते. पूड आधी चमचाभर पाण्यात कालवा, भांडं हलकेच फिरवून वायू जाऊ द्या, मग घाला.

दोन महिन्यांत मीड चाखून "औषधासारखी लागते" म्हणत ओतून टाकणं ही उरलेली चूक. सहा महिने तिला हात लावू नका, वर्ष दिलंत तर उत्तम.

ओतायचं की थांबायचं

लोणी किंवा बटर पॉपकॉर्नसारखी चव, कच्च्या हिरव्या सफरचंदाची चव: बहुधा घाई झाली आहे, यीस्टवर आणखी चार-पाच दिवस उबेत ठेवा. ओल्या पुठ्ठ्याची चव: भरताना हवा लागली, सायफनची नळी तळापर्यंत न्यायला हवी होती, आता लवकर पिऊन टाका. पारदर्शक बाटली उन्हात ठेवल्याने सुटलेला उग्र वास: तपकिरी बाटली घ्या. बँडेज: ओता. केसाळ, हिरवी-काळी बुरशी: न चाखता ओता.

व्हिनेगर झालं असेल तर बिअर ओता, सायडर ठेवा. तोंडाला कापड बांधून हवेशीर जागी ठेवलेला आमचा एक बिघडलेला डेमिजॉन आता कोल्हापूरकराच्या स्वयंपाकघरात आहे. तांबड्या रश्श्याबरोबरच्या कांद्यावर तो शिंपडतो, आणि लोकांना सांगतो की मुद्दाम केलाय.