मुलाच्या हातातली पेन्सिल घेण्याआधी: या चुका टाळा

दर रविवारी सकाळी माझ्याकडे दहा-बारा मुलं चित्रं काढायला आणि गोष्टी लिहायला येतात. नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी डोंगर काढायला सांगते. बहुतेक कागदांवर एकच डोंगर उतरतो: शेजारी शेजारी दोन त्रिकोण, मधे अर्धा सूर्य, खाली वळत गेलेली नदी, काठाला नारळ. "हा कुठला डोंगर रे?" असं विचारलं की उत्तर येतं, "चित्रातला."

ही कोल्हापूरची मुलं. जोतिबाला जाऊन आलेली, पन्हाळ्यावर पावसात भाजलेलं कणीस खाल्लेली. पन्हाळ्याचा माथा सपाट आहे. लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसत गेले, म्हणून आपल्याकडच्या डोंगरांचे माथे असे पसरट. वाटेवर नारळापेक्षा ऊस कितीतरी जास्त. मुलांनी हे सगळं पाहिलेलं असतं, पण कागद समोर आला की डोळ्यांनी पाहिलेलं मागे पडतं आणि हात गिरवलेलं काढतो. गिरवायला आपणच दिलेलं असतं. "असा काढ डोंगर" म्हणून नमुना पुढे ठेवणं ही सगळ्यात पहिली आणि सगळ्यात जड चूक.

ती सुधारता येते. मुलाला रंकाळा तलावावर न्या, पण वही-पेन्सिल घरी ठेवा. दहा मिनिटं नुसतं बघायचं. शालिनी पॅलेसचा मनोरा पाण्यात सरळ दिसतो की थरथरतो? संध्यामठ आज किती बुडालाय? पाणी काठाजवळ कोणत्या रंगाचं, मधे कोणत्या? मग घरी येऊन काढायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच जा, वेगळ्या वेळी. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलाव आणि रंकाळ्याचा परिसर असाच पुन्हा पुन्हा रंगवला. जागा तीच, उजेड निराळा. नवीन विषय शोधत फिरण्यापेक्षा एकाच जागेकडे चारदा बघणं मुलाला जास्त देऊन जातं, असा माझा अनुभव आहे.

वयाआधी दुरुस्ती

पाच-सहा वर्षांचं मूल गोठ्याच्या भिंतीतून आतली म्हैस दाखवतं. आज्जी घरापेक्षा मोठी काढतं, आभाळ म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला एक निळी पट्टी. हे चुकलेलं नसतं. म्हैस आत आहे हे त्याला माहीत आहे, म्हणून ती दिसलीच पाहिजे. आज्जी त्याच्या मनात मोठी आहे, म्हणून कागदावरही मोठी. अशा वेळी हातातली पेन्सिल काढून घेऊन "म्हैस अशी नसते, बघ" म्हणत काढून दाखवणारे आई-बाबा मी नेहमी बघते. प्रेमानंच करतात. पण पुढच्या वेळी ते मूल कागद त्यांच्याकडेच सरकवतं: "तूच काढून दे."

"हे काय काढलंयस?" हा प्रश्नही टाळा, त्यात ओळखू येत नसल्याचा सूर येतो. "ह्यात काय काय चाललंय, सांग की" म्हणा, आणि मूल बोलत असताना मधे बोलू नका.

नऊ-दहाव्या वर्षी चित्र पालटतं. आता मुलालाच खरंखुरं हवं असतं, आणि ते हाताला येत नाही. "मला न्हाई येत" म्हणून कागद चुरगळला जातो तो याच वयात. आता मात्र त्याला शिकवावं लागतं: लांबची वस्तू लहान का दिसते, सावली कुठे पडते, चेहऱ्यात डोळे साधारण निम्म्या उंचीवर असतात. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पाचव्या वर्षी क्लास लावतात आणि दहाव्या वर्षी "आता अभ्यास वाढला" म्हणून बंद करतात. गरज होती तेव्हाच हात सुटतो.

पाठ केलेलं स्मरणचित्र

एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा मुलांनी जरूर द्याव्यात. पण त्यातलं स्मरणचित्र म्हणजे आठवणीतून काढायचं चित्र, आणि तेच मुलं पाठ करून जातात: ठरलेला बाजार, ठरलेली बाई टोपली घेऊन, ठरलेला फुगेवाला. कपिलतीर्थ मंडईतून एक फेरी मारून या. भाजीवाल्या मावशी वजन करताना कशा वाकतात, पिशवीच्या ओझ्यानं माणसाचा कुठला खांदा खाली येतो, तेवढंच टिपा. काडीसारख्या माणसांची पन्नास झटपट रेखाटनं केलीत की परीक्षेत कुठलाही विषय आला तरी घाबरायला होत नाही.

प्रत्येक चित्राला बक्षीस

१९७३ साली अमेरिकेतल्या एका बालवाडीतला प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या काही मुलांना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे इतरांच्या निम्मा वेळच फिरकली. अचानक मिळालेल्या बक्षिसानं असं काही झालं नाही. तेव्हा स्पर्धेला पाठवा, पण घरी प्रत्येक कागदाला चॉकलेट नको.

गोष्टीला लाल पेन

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगते. नऊ वर्षांच्या एका मुलानं आज्जीच्या म्हशीची गोष्ट लिहून आणली होती. त्यात होतं, "आज्जी म्हणली, हिला आज रानात सोडू नगा, ही रुसलीया." मी लाल पेनानं ते "ही रुसली आहे" केलं, ऱ्हस्व-दीर्घही सगळे सुधारले. पुढच्या रविवारी त्यानं चार वाक्यं आणली. चारही शुद्ध. म्हशीचा पत्ता नाही, आज्जीचाही नाही. मुलांसाठी पुस्तकं लिहिणाऱ्या बाईनं हे करावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मी गोष्ट पहिल्यांदा फक्त ऐकते. शुद्धलेखन दोन-चार दिवसांनी, आणि पात्राच्या तोंडचं बोलणं जसंच्या तसं ठेवायचं. लिहिता येत नसेल तर मूल सांगेल तसं आपण उतरून घ्यायचं. "तात्पर्य काय?" विचारायचं नाही. गोष्ट अडली तर "मग?" पुरतं. त्यानंही सुटली नाही तर जागा विचारा: तिथे वास कसला येत होता, आज्जीच्या हातात काय होतं? बहुतेक वेळा गोष्ट तिथूनच चालू लागते.

रंग, कागद, माती

रंग मळकट होत असतील तर पाणी बदललेलं नाही किंवा एका जागी तीन-चार रंग घातलेत. दोन वाट्या ठेवा: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. लाल-हिरवं मिसळलं की तपकिरी होणारच, हे मुलाला स्वतःला सापडू द्या. जलरंगाला वहीचा पातळ कागद फुगतो. जाड कार्ट्रिज पेपर घ्या, चारही कडा कागदी टेपनं पाटाला चिकटवा. आपल्याकडच्या जुलैत कागद उघड्यावर ठेवू नका, ओल धरतो.

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मातीचा बैल करताना पाय गळून पडतो, कारण तो नुसता चिकटवलेला असतो. दोन्ही बाजूंना काडीनं रेघा ओढा, त्याच मातीची पातळ राड लावा, मग दाबून बसवा. अंगाला तडे गेले तर उन्हात वाळवला असेल. सावलीत ठेवा, पहिला दिवस ओलसर फडकं टाकून.

आणि चित्रं रद्दीत घालू नका. प्रत्येक कागदामागे तारीख, वय आणि काढताना मूल जे बोललं ते एक वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. माझ्या पेटीतल्या एका चित्रामागे आहे: "ऑगस्ट २०१९. वय ६. पंचगंगेला पूर आलाय, मासे आमची गल्ली बघायला आल्यात."