कंटेनर भरण्याआधी

विकसनशील देशात शेतमाल किंवा खाद्यपदार्थ पाठवायचे ठरले की आधी आयातदाराकडून आयात परवान्याची प्रत मागवा. परवान्यावर नाव कोणाचं, मुदत कधीपर्यंत, कोणतं बंदर, हे स्वतः वाचा. "अर्ज केलाय, आठवड्यात येईल" या भरवशावर कंटेनर भरू नये.

एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाचा वर्ग सांगणारा आकडा, तिथल्या क्लिअरिंग एजंटकडून (माल सीमाशुल्कातून सोडवणाऱ्याकडून) लेखी घ्या. पहिले 6 आकडे जगभर सारखे असतात, पुढचे ज्या त्या देशाचे, आणि शुल्क किंवा कोटा बऱ्याचदा त्या पुढच्या आकड्यांवर ठरतो.

अन्नकायदा पाळला म्हणजे वाट मोकळी झाली, असंही नाही. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने 2015 मध्ये 41 प्रकारच्या आयातीला अधिकृत बाजारातून परकीय चलन देणं बंद केलं. यादीत तांदूळही होता. या नियमाने तांदूळ आणायला मनाई केली नव्हती, फक्त त्यासाठी बँकेतून डॉलर मिळत नव्हते! ही अट 2023 मध्ये उठली. म्हणून ग्राहक नवा असेल तर त्या देशाबाहेरच्या भक्कम बँकेने कन्फर्म केलेली, म्हणजे स्वतःची हमी जोडलेली एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, कागदपत्रं बरोबर असली तर पैसे देण्याची बँकेची हमी) हातात येईपर्यंत थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रयोगशाळेच्या अहवालात त्या देशाची मर्यादा तपासा. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा सगळीकडे चालतेच असं नाही. शेंगदाणा, मका, मिरची असेल तर अफ्लाटॉक्सिन या बुरशीतून तयार होणाऱ्या विषाकडे जास्त लक्ष हवं. हे विष मालात सारखं पसरलेलं नसतं, मोजक्या दाण्यांत साठलेलं असतं. वरच्या दोन पोत्यांतून काढलेला नमुना इथे पास होतो आणि तिथे त्याच लॉटचा दुसरा नमुना नापास होतो. नमुना अनेक पोत्यांतून, खोलवरून काढून घ्या.

नियम ऐनवेळी फिरतात, त्याचीही सोय करारात हवी. इजिप्तने ऑगस्ट 2016 मध्ये गव्हातल्या अर्गट बुरशीची मर्यादा 0.05 टक्क्यांवरून थेट शून्यावर आणली. व्यापाऱ्यांनी सरकारी निविदांकडे पाठ फिरवली आणि सप्टेंबरमध्येच जुनी मर्यादा परत आली. अशा वेळी ज्याचं जहाज वाटेत आहे त्याचं काय? तो खर्च कोणाचा, हे सही करण्याआधीच लिहून घ्या. जागतिक व्यापार संघटनेकडे येणाऱ्या नव्या नियमांच्या सूचना 'ईपिंग' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आपल्या मालासाठी आणि देशासाठी तिथे नोंदणी करून ठेवा.

फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावरचं (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्यावरचं) जादा निवेदन परवान्यातल्या मजकुराशी शब्दशः जुळवा. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. लेबलची भाषा, हलाल प्रमाणपत्र आणि पोहोचताना किती शेल्फ लाइफ शिल्लक लागते, हे आयातदाराकडून लेखी मागवा.

बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीने माल घेतल्याच्या पावतीचा) मसुदा अंतिम करण्याआधी सगळी कागदपत्रं स्कॅन करून आयातदाराला दाखवा. वजन, लॉट नंबर, कंपनीच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच हवं. जहाज सुटल्यावर दुरुस्ती होते, पण तोवर बंदरात डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा दंड) चढायला लागलेलं असू शकतं.