कापूस पेटेना तेव्हा: फायर पिस्टनच्या प्रोजेक्टचा अनुभव

सहा दिवस मी एका ॲक्रिलिकच्या नळीवर तळहात आपटत होते आणि दट्ट्याच्या टोकातला कापूस पांढराशुभ्रच राहत होता. सातव्या दिवशी हात सुजला, म्हणून नाइलाजाने वही उघडली. ती पहिल्या दिवशी उघडली असती तर हे लिहायची वेळच आली नसती.

फायर पिस्टन काय असतो ते तुम्हाला माहीत असणार: एका टोकाला बंद नळी, आत घट्ट बसणारा दट्ट्या, त्याच्या टोकाच्या खळगीत कापसाचा बोळा. दट्ट्या फटक्यात आत मारला की हवा दाबली जाऊन तापते आणि कापूस पेटतो. रुद्धोष्म प्रक्रियेचं, म्हणजे उष्णता आत-बाहेर न जाता होणाऱ्या बदलाचं, सूत्रही पुस्तकात आहेच. तापमान तेवढं केल्व्हिनमध्ये घाला. हवा विसाव्या हिश्शात दाबताना सेल्सिअसमधले २७ तसेच घातलेत तर उत्तर ८९ येईल, आणि ८९ अंशांना कापूस जेमतेम कोमट होतो.

माझी आकडेमोड बरोबर होती. चुकलं ते मोजमाप.

नळीचा आतला व्यास ८ मिलिमीटर. सुरुवातीला दट्ट्याच्या टोकापासून तळापर्यंत १०० मिलिमीटर अंतर, पूर्ण दाबल्यावर ५. शंभर भागिले पाच, म्हणजे संपीडन गुणोत्तर २०. हवेसाठी गॅमा (सूत्रातलं विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) १.४ धरला की ३०० केल्व्हिनची हवा जवळजवळ १,००० केल्व्हिनला जाते, म्हणजे सातशे अंश सेल्सिअसच्याही वर. कापसाला साधारण ४०० पुरतात. कागदावर माझा कापूस दोनदा पेटून झाला होता. म्हणून मी दोष कापसाला दिला, मग दट्ट्यावरच्या रबरी रिंगला (ओ-रिंगला), मग स्वतःच्या ताकदीला.

लॅबमधल्या काकांनी नळी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि एवढंच विचारलं, "हिच्यात पाणी किती मावतं?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी १ मिलिलिटरची सिरिंज पुढे सरकवली आणि ते निघून गेले. दट्ट्या पूर्ण दाबलेला असताना आत जेवढी जागा उरते तेवढं पाणी मोजायचं होतं. ५ मिलिमीटरच्या फटीत मावायला हवं होतं ०.२५ मिलिलिटर. भरलं ०.५३. दुपटीहून जास्त!

ही जास्तीची जागा कुठून आली? इथे जरा सावकाश वाचा, कारण माझे सहा दिवस इथेच गेले. कापसाची खळगी मी ५ मिलिमीटर रुंद आणि ६ खोल केली होती, भरपूर कापूस मावावा म्हणून. तिच्यातही हवा असते, आणि दट्ट्या कितीही दाबा, ती जागा कमी होत नाही. दुसरी चोरजागा ओ-रिंगच्या पुढे. हवा अडते ती रिंगपाशी, टोकापाशी नाही. माझी रिंग टोकापासून १० मिलिमीटर मागे होती आणि टोक नळीपेक्षा १ मिलिमीटरने बारीक, त्यामुळे टोकाभोवती हवेचं एक कडंच तयार झालं होतं. ते निघालं जवळपास खळगीएवढंच. तिसरी जागा ड्रिलने नळीच्या तळाला पडलेल्या शंकूची. तीही धरा.

या तिन्ही जागा सुरुवातीच्या आकारमानातही येतात आणि शेवटच्याही. ५.३ मिलिलिटरमध्ये त्या दिसतसुद्धा नाहीत, पण शेवटच्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये अर्ध्याहून जास्त वाटा त्यांचाच. ५.३ भागिले ०.५३, म्हणजे गुणोत्तर १०. सूत्राने सुमारे ४८० अंश सेल्सिअस येतात, पण ती उष्णता अजिबात गळत नसेल तर. एवढ्या बारीक नळीच्या भिंती बरीच उष्णता पिऊन टाकतात. मग कसला कापूस पेटतोय!

दुरुस्तीला एक संध्याकाळ पुरली. नवं टोक केलं, खळगी ४ रुंद आणि ३ खोल. रिंग टोकापासून २ मिलिमीटरवर आणली. मुठीची कड घासून फट ३ वर आणली. पुन्हा पाणी भरलं: पाव मिलिलिटर. आता खरोखरचे २०. तिसऱ्या फटक्याला नळीच्या तळाशी निळसर-पिवळं काहीतरी लकाकलं, इतकं झटकन की मला भास वाटला. दट्ट्या ओढून पाहिला तर कापसाची कड काळी.

एक फसवी लकाकी मात्र ओळखायला शिका. रिंगला तेल किंवा पेट्रोलियम जेली जास्त लावली तर तीच पेटते. उजेड दिसतो, कापूस पांढराच राहतो, आणि तुम्ही अहवालात "यशस्वी" लिहून मोकळे. सिलिकॉन ग्रीस वापरा, तेही पुसटसं.

आता धमकी समजा हवी तर. गुणोत्तर २० असताना आत वातावरणाच्या सुमारे ६६ पट दाब येतो. काचेची परीक्षानळी किंवा पातळ प्लास्टिक वापरायचा विचारही नको. जाड भिंतीची नळी घ्या, चष्मा लावा, प्रत्येक फटक्याआधी तडे बघा. आत स्पिरिट किंवा पेट्रोल घालून "मोठी ज्योत" दाखवायची कल्पना कुणी सुचवली तर त्याच्यापासून लांब बसा. शेवटच्या रांगेलाही दिसावं म्हणून रुंद नळी घेऊ नका. माझ्या ८ मिलिमीटरच्या नळीवर शेवटच्या क्षणी ३०-३५ किलोंचा भार येतो, तो तळहाताच्या फटक्यात निघतो. व्यास दुप्पट केला की भार चौपट.

याउलट, हातात जोर नाही म्हणून जमत नाही असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. वेग लागतो, ताकद थोडीच. सावकाश दाबलं तर उष्णता भिंतीत निघून जाते, मग पैलवान आणा नाहीतर कोणीही.

तयार किट आणू नका, हे माझं हट्टी मत. किटवर कापूस पहिल्याच फटक्यात पेटतो आणि लिहायला काही उरत नाही. व्हिडिओत फसलेले फटके कापलेले असतात. मार्गदर्शकांबद्दलही एक मत झालंय: उत्तर सांगणाऱ्या सरांपेक्षा सिरिंज सरकवून निघून जाणारे काका बरे. त्या दिवशी त्यांचा रागच आला होता, ती गोष्ट वेगळी.

रुडॉल्फ डिझेलचं चरित्र अहवालात अर्ध्या पानात उरका. १८९७ मध्ये त्याचं इंजिन चाचणीत उतरलं, कार्यक्षमता सुमारे २६ टक्के, बस. आपला कापूस सुरुवातीपासून आत असतो आणि डिझेल इंजिनात इंधन हवा दाबून तापल्यावर शेवटी फवारलं जातं, हा फरक लिहा. तो हमखास विचारतात. आणि "उष्णता घर्षणाचीच कशावरून नाही?" हेही विचारतात. मी रिंग काढून दहा फटके मारूनही कापूस न पेटल्याची नोंद दाखवली. पण खरं सांगायचं तर हे उत्तर अर्धवट आहे, रिंग काढली की घर्षणही घटतंच. रिंग तशीच ठेवून नळीच्या तळाला भोक पाडलेला दुसरा नमुना केला असता तर बरं झालं असतं.

तोंडी परीक्षेत पहिल्या फटक्याला ज्योत आली. परीक्षक म्हणाले, "पुन्हा दाखव." नवा कापूस, तोच फटका, काहीच नाही. कानशिलं तापली. मग आठवलं, जळलेली हवा बंद नळीतून आपणहून बाहेर येत नाही. सिरिंजला बारीक नळी लावून तळापर्यंत ताजी हवा मारली, पुढच्या फटक्याला पेटलं. मी ऐटीत म्हणाले, "सर, आतला प्राणवायू संपला होता."

"सगळा?"

मी हो म्हणाले. सगळा संपत नाही. ज्योत विझते तेव्हाही बराच शिल्लक असतो. तो एक गुण तिथेच गेला.