आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगचं नॉकआउट बघताना हिशोब कसा ठेवायचा

युरोपचं फुटबॉल बघून आपल्याला सवय लागलेली असते, दोन लेगच्या (एक मॅच घरी, एक बाहेर) गोलांची बेरीज करायची आणि सारखी आली तर एक्स्ट्रा टाइम. इथे ती सवय आधी सोडा. युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, 2021 मध्ये अवे गोलचा (परक्या मैदानावरच्या गोलांचा) नियम काढला पण आफ्रिकेच्या संघटनेने, सीएएफने, ठेवलाय, त्यामुळे बेरीज सारखी झाली की परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त तो पुढे, तेही सारखे असतील तरच पेनल्टी.

शिकायला 2024-25 चा सीझन घ्या, यापेक्षा चांगला सापडणार नाही. ग्रुप स्टेजवर फार वेळ घालवू नका, 16 टीम, 4 ग्रुप, प्रत्येकातून 2 पुढे, एवढं कळलं की बास. क्वार्टर फायनलपासून कागद घेऊन बसा. प्रत्येक टीमच्या नावापुढे दोन रकाने करा, घरचे गोल आणि बाहेरचे गोल, आणि बाहेरच्या रकान्यावरून नजर हलवू नका.

पहिली लेग घरी 0-0 झाली की नवीन माणसाला वाटतं यजमानांनी संधी घालवली, पण तसं नसतं, कारण त्यांनी घरी गोल खाल्लेला नसतो आणि आता बाहेर गोल होऊन बरोबरी झाली तरी तेच पुढे जातात. सेमीमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सनडाऊन्सचं अगदी हेच झालं. घरी प्रिटोरियात इजिप्तच्या अल अहलीशी 0-0, मग कैरोत अल अहली 1-0 पुढे, गतविजेते, 12 वेळचे चॅम्पियन, आणि 90व्या मिनिटाला त्यांच्याच यासेर इब्राहिमकडून स्वयंगोल झाला. 1-1, अल अहली बाहेर! स्वयंगोलसुद्धा अवे गोल म्हणूनच मोजायचा हे लिहून ठेवा. मला ही मॅच जास्त भिडली कारण 2023 च्या सेमीत ह्याच सनडाऊन्सचा घास असाच गेला होता, कासाब्लांकात मोरोक्कोच्या वायदादशी 0-0, घरी 2-2, आणि त्यातला शेवटचा गोल त्यांचा स्वतःचाच स्वयंगोल.

दुसरी गोष्ट, मोठी आघाडी बघून टीव्ही बंद करू नका. कैरोच्या पिरॅमिड्सने क्वार्टरला घरी मोरोक्कोच्या एएस एफएआरला 4-1 हरवलं तेव्हा सगळं संपल्यासारखं वाटलं, पण मोरोक्कोत 0-2 हरले. तिसरा गेला असता तर 4-4, आणि एएस एफएआरचा तो कैरोतला एक गोल पिरॅमिड्सना घरी पाठवून गेला असता.

आता फायनल, सनडाऊन्स विरुद्ध पिरॅमिड्स. प्रिटोरियात लुकास रिबेरोच्या गोलने सनडाऊन्स पुढे होते, इंजुरी टाइममध्ये पिरॅमिड्सच्या वालिद एल कर्तीने 1-1 केलं. ह्या एका गोलने कैरोतली 0-0 पिरॅमिड्सला पुरणार होती, म्हणजे सनडाऊन्सना गोल मारल्याशिवाय गत्यंतरच नाही. 1 जूनला कैरोत पिरॅमिड्सच्या मायेले आणि अहमद सामीने 2-0 केलं, 75व्या मिनिटाला सनडाऊन्सच्या रेनर्सने 2-1. इथे थांबून कागद बघा. एकूण पिरॅमिड्स 3-2 पुढे, पण सनडाऊन्सचा अजून एक गोल झाला असता तर 3-3 आणि बाहेरचे गोल सनडाऊन्सचे 2, पिरॅमिड्सचा 1, म्हणजे पेनल्टी वगैरे काही नाही, थेट कप सनडाऊन्सचा. तो गोल आला नाही आणि पिरॅमिड्स पहिल्यांदा चॅम्पियन झाले, पण शेवटची पंधरा मिनिटं हा हिशोब डोक्यात ठेवून बघा, प्रत्येक कॉर्नरला छातीत धडधडतं.

वेळेचं म्हणाल तर दक्षिण आफ्रिका आपल्या साडेतीन तास मागे, मे-जूनमध्ये कैरो अडीच तास मागे, त्यामुळे तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे जेवणानंतर सुरू होते.