स्कॉटलंडची नावं उच्चारताना

स्कॉटलंडला जाणार असाल तर आधी 'लॉख़' जमवा. सरोवराला तिथे हाच शब्द आहे. शेवटी 'क' नाही, आणि आपला ठसठशीत 'ख'ही नाही. जिभेचा मागचा भाग टाळूला पूर्ण न टेकवता हवा घासत सोडायची, उर्दूतल्या 'ख़त'सारखी. 'र' मात्र बिनधास्त मराठी वळणाचा म्हणा, तिथेही तो गिळत नाहीत. राजधानी एडिंबर्ग नव्हे, एडिन्बरा. इन्व्हरनेस, अ‍ॅबरडीन, डंडी यांत जोर शेवटच्या तुकड्यावर (नेस, डीन, डी).

खरी गंमत 'झेड'ची. स्कॉट्स या तिथल्या भाषेच्या जुन्या लिखाणात 'योख़' नावाचं एक अक्षर होतं. छपाईत त्याच्या जागी तसाच दिसणारा झेड बसला, उच्चार मात्र जुनाच राहिला. म्हणून मेन्झीस असं दिसणारं आडनाव परंपरेने 'मिंगिस', आणि कल्झीन वाटणारा एअरशायरचा किल्ला 'कलेन'. (अर्थात काही मेन्झीस आता स्वतःच 'मेन्झीस' म्हणवतात, त्यांनाच विचारलेलं बरं.)

बाकीची सरळ पाठच करा: ग्लासगोजवळचं मिल्नगाव्ही म्हणजे 'मलगाय', व्हिस्कीचं इस्ले बेट म्हणजे 'आयला', आणि दक्षिणेतलं कर्ककुडब्राइट चक्क 'कर्कूब्री'.