पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही: निराधार आणि श्रावणबाळचा अर्ज करताना

माझ्या सासऱ्यांना लकवा मारला तेव्हा तूर सोंगायला आली होती. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली आणि सोबत वाचाही गेली. पुढची जवळपास चार वर्षं ते खाटेवर होते. त्यांचं सगळं मी केलं. कुशीवर वळवणं, भरवणं, धुणं, सगळंच. त्याच काळात तहसिलीच्या पायऱ्याही मीच चढले. आता गावात कोणाच्या घरी म्हातारं किंवा अपंग माणूस असलं की लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव लहान आहे. तालुक्याला जाणारी एसटी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. एक चक्कर वाया गेली की एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून जे मला दोन वर्षांत उमगलं, ते इथे लिहून ठेवते आहे.

आधी एकच गोष्ट सांगते, बाकी सगळं तिच्याभोवती आहे. सरकारी कार्यालयातून तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. "नाही बसत", "पुढच्या महिन्यात या", "साईट बंद आहे" ही उत्तरं हवेत विरून जातात. कागदावरच्या 'नाही'ला कारण लिहावं लागतं आणि कारण कळलं की ते दुरुस्त करता येतं. माझा पहिला अर्ज मी खिडकीत दिला, बाबूंनी "ठेवा ताई" म्हटलं, मी ठेवला आणि निघाले. सात महिन्यांनी विचारायला गेले तर "तुमचा अर्जच आलेला नाही." माझ्या हातात दाखवायला काहीच नव्हतं. त्या सात महिन्यांचे पैसे मामाजींना कधीच मिळाले नाहीत, कारण पैसे मंजुरीनंतर सुरू होतात, मागचे कोणी देत नाही.

आता कोणाला काय मिळतं ते. गावात सगळे सरसकट 'निराधारचा पगार' म्हणतात, पण त्यात वेगवेगळ्या योजना आहेत आणि चुकीच्या योजनेचा अर्ज भरला की तो परत येतो. वय 65 च्या आत असेल आणि माणूस निराधार, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग किंवा कर्करोग, क्षयरोग, सिकलसेल अशा आजाराने अडलेला असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. ही 1980 पासून आहे. वय 65 किंवा जास्त असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर त्याच म्हाताऱ्या माणसाला केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनाही लागू होते. केंद्राचा वाटा 79 वर्षांपर्यंत 200 रुपये आणि 80 पासून 500, वरचे राज्य सरकार घालतं. हाती येणारी रक्कम जुलै 2023 पासून महिन्याला 1500 झाली, त्याआधी 1000 होती. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर 2025 पासून 2500 झाली आहे.

या 2500 वर थोडं थांबते, कारण इथे बरेच लोक नुकसानीत आहेत. आमच्या वरच्या मोहल्ल्यातले एक काका 72 वर्षांचे आहेत, दोन्ही पाय निकामी आहेत. त्यांचं नाव श्रावणबाळमध्ये 'वृद्ध' म्हणून चढलेलं होतं. वाढ झाली तरी त्यांना 1500 च येत राहिले. दिव्यांगाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, त्यांच्या घरी पेटीत होतं, पण तहसिलीच्या निराधार शाखेत कोणी दिलंच नव्हतं. आम्ही साधा अर्ज लिहिला, कार्डाची झेरॉक्स जोडली आणि नोंद दिव्यांगात करून घेतली. तुमच्या घरी असं माणूस असेल तर आज पासबुक उघडून बघा.

यूडीआयडी कार्ड अजून काढलं नसेल तर आधी तेच काढा. स्वावलंबन पोर्टलवर सेतूतून किंवा मोबाईलवरून अर्ज होतो, मग सरकारी दवाखान्यात तपासणीची तारीख मिळते. 40 टक्के किंवा त्याहून जास्त आलं तरच लाभ मिळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलेलं आहे. त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, मतिमंदत्व आहे, मानसिक आजारही आहे. "हातपाय तर धड आहेत, याला काय मिळणार" असं घरातल्यांनीच ठरवून टाकू नये. तपासणीला जाताना दवाखान्याचे सगळे जुने कागद न्या, डिस्चार्ज कार्ड आणि डोक्याचं सीटी स्कॅन काढलं असेल तर ते फिल्मसकट.

कागदांपैकी उत्पन्नाचा दाखला सगळ्यात जास्त अडवतो. मर्यादा वर्षाला 21,000 रुपयांची आहे, म्हणजे महिन्याला 1750. दिव्यांगांसाठी ती 50,000 आहे. ही मर्यादा फार कमी आहे. आजच्या मजुरीत दोन माणसांचं घर इतक्यात चालत नाही, आणि ती वाढली पाहिजे असं मी ग्रामसभेतही बोलले आहे. पण आहे ती अशी आहे. पटवाऱ्याकडे जाताना सातबारा, रेशनकार्ड सोबत न्या आणि वावर कोरडवाहू असेल तर ते स्पष्ट सांगा. पटवाऱ्याचा अहवाल झाला की दाखला तहसीलदारांकडून मिळतो. लोकसेवा हक्क कायद्याखाली त्याला 15 दिवसांची मुदत आहे, सेतूवाला "महिना लागेल" म्हणाला तर त्याला हे सांगा. म्हातारा-म्हातारी खरोखर वेगळी राहत असतील, चूल वेगळी असेल, तर रेशनकार्डही वेगळं करून घ्या. नुसती दाखवायला म्हणून वेगळी करू नका, चौकशीला माणूस घरी येतो.

वयाचा कागद ही दुसरी अडचण. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या आधारकार्डावर पाहा, निम्म्यांची जन्मतारीख 1 जानेवारी असते. कॅम्पमध्ये कोणीतरी अंदाजाने टाकलेली. एका आजीबाईंचं वय आधारवर 61 आणि मतदार यादीत 69 होतं. अशा वेळी जिथे चार दिवस का होईना शाळेत गेल्या असतील, त्या शाळेचं दाखलखारीज रजिस्टर बघायला सांगा. तिथलं नाव सापडलं तर प्रश्न मिटतो. शाळेचं तोंडच पाहिलं नसेल तर सरकारी दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून वयाचा दाखला मिळतो. मात्र आधारवरचं वय दुरुस्त करूनच अर्ज टाका, कारण पुढे पैसे आधारवरूनच येणार आहेत. याशिवाय महाराष्ट्रात 15 वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला, रेशनकार्ड, पासबुक आणि फोटो. हे सोपं आहे.

आता खिडकी. अर्ज सेतूतून ऑनलाईन केला तर पावती मिळते, तिच्यावर अर्ज क्रमांक असतो. तहसिलीत हाताने दिला तर सगळ्याच्या दोन प्रती करा. एक त्यांना द्या. दुसरीवर आवक शाखेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. याला पोच म्हणतात. बाबू म्हणतील, "ताई, विश्वास नाही का?" भांडू नका. "साहेब, घरी म्हाताऱ्याला दाखवायला लागते" म्हणा आणि उभ्या राहा. दुसऱ्या वेळी मी अशीच उभी राहिले, तेव्हा शिक्का मिळाला. मंजुरी तालुक्याच्या समितीच्या बैठकीत होते, तहसीलदार तिचे सदस्य सचिव असतात. म्हणून "माझा अर्ज कधी होईल" असं न विचारता "पुढची बैठक कधी आहे आणि माझा आवक क्रमांक त्या यादीत आहे का" असं विचारा. या प्रश्नाला गोलगोल उत्तर देता येत नाही.

तरीही उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर लिहा: अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, नामंजूर असल्यास कारण काय, टिपणीची प्रत द्यावी. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाही, कार्डाची झेरॉक्स जोडायची. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कलेक्टर कचेरीत महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यासाठी 15 दिवस आधी निवेदन द्यावं लागतं आणि तिथेही आवक क्रमांक असलेलाच कागद कामी येतो.

मंजुरी आली, आता बँक. खात्याला आधार 'लिंक' असणं आणि सरकारी पैशासाठी खातं 'सीडिंग' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारचा पैसा त्याच खात्यात जातो जे सगळ्यात शेवटी सीडिंग झालं. आमच्या शेजारच्या आजीला पाच महिने पैसेच नव्हते. ती रडकुंडीला आली होती. शोध घेतला तर नातवाने तिच्या नावाने दुसऱ्या बँकेत शून्य शिलकीचं खातं उघडून दिलं होतं, पैसे तिथे साचत होते. सेतूत आधारच्या साईटवर 'बँक सीडिंग' बघायला सांगा, कोणती बँक जोडलेली आहे ते लगेच दिसतं.

आणि अंगठा. याच आजीने मशीनवर बोट ठेवलं, एकदा, दोनदा, दहाही बोटं ठेवून झाली. मग हात उलटा करून मला म्हणाली, "पोरी, माह्या बोटाइले रेघाच नाही राह्यल्या." मी तिची बोटं हातात घेऊन पाहिली. चाळीस वर्षं पऱ्हाटी वेचलेली बोटं, बोंडाच्या टोकांनी कापून कापून शेंडे गुळगुळीत झालेले, चुन्यासारखे पांढरे. यावर उपाय आहे. आधार केंद्रात डोळ्यांचे आणि बोटांचे ठसे नव्याने द्यायचे. मशीनवर अंगठा नाहीच आला तर डोळ्याने किंवा चेहऱ्याने ओळख पटवता येते. बोटं आधी कोमट पाण्याने धुऊन, पुसून, किंचित खोबरेल लावून परत पुसली तरी पुष्कळदा ठसा येतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बँकेत न्यायची गरज नाही, हे मला फार उशिरा कळलं. मी मामाजींना एकदा ऑटोत आडवं घालून नेलं होतं, जूनच्या उन्हात, आणि परत येताना ते डोळे मिटून नुसते कण्हत होते. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच सांगितलं आहे की 70 वर्षांवरच्या आणि अपंग, आजारी खातेदारांना घरपोच सेवा द्यायची. ज्याला सही येत नाही त्याच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. मॅनेजरकडे लेखी अर्ज द्या, त्याचीही पोच घ्या. पोस्टमनही मशीन घेऊन घरी येऊन आधारवरून पैसे काढून देतो. आमच्याकडे आता हेच चालतं.

दरवर्षी एकदा हयातीचा दाखला देणं विसरू नका. पैसे बंद होण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे. माणूस जिवंत, खाटेवर, आणि कागदावर नाही.

आता करणाऱ्याबद्दल. कोणत्याही अर्जात 'सेवा कोण करतं' असा रकाना मी पाहिला नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या 24 व्या कलमात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांच्या काळजीवाहकासाठी भत्त्याचा उल्लेख आहे. केरळ सरकारने अशा घरातल्या माणसाला महिन्याला 600 रुपये दिले आहेत. आमच्या गावात मात्र असा भत्ता कोणाला मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. घरी बसून सेवा करणारी बाई वावरात जाऊ शकत नाही, तिची मजुरी बुडते, आणि ती कोणाच्या हिशोबात येत नाही. मला याचं वाईट वाटतं आणि मी ते ग्रामसभेत लेखी मांडते.

तोवर जे आहे ते घ्या. ग्रामपंचायतीला आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. त्यातून व्हीलचेअर, संडासाची खुर्ची असं मागा. मी ती खुर्ची मागितली आणि माझी कंबर वाचली. मतिमंद, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बहुविकलांग असलेल्या मुलांसाठी निरामय आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंतचा. असं मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. ज्यांची मुलं 17 ची झाली आहेत त्यांनी आतापासून कागद जमवावेत. आणि पोटची मुलं म्हाताऱ्यांना बघतच नसतील तर 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज होतो, वकील लागत नाही. 14567 या नंबरावर फोन करून विचारता येतं.

घरातलं कमावतं माणूस 60 च्या आत गेलं आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच 20,000 रुपये मिळतात. तेराव्याच्या गडबडीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. जवळच्या माणसाने आठवण करून द्यावी.

सगळे कागद एका जागी ठेवा. मी कपाशीच्या बियाण्यासोबत मिळालेली चेनची पिशवी वापरते. तीत मूळ कागद, तीन-तीन झेरॉक्स, सहा फोटो, आणि एक वही, जिच्यात कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर काय सांगितलं ते लिहिलेलं.

मामाजी पोळ्यानंतर गेले. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची असते, ती केली. खात्यात पुढच्या महिन्याचे पैसे आले, ते काढले नाहीत, कारण ते परत वसूल होतात. मृत्यूचा दाखला घेऊन तहसिलीत गेले, नाव कमी करण्याचा अर्ज दोन प्रतींत लिहिला. बाबूंनी न मागता शिक्का मारून दुसरी प्रत माझ्या हातात दिली. ती पोच त्याच पिशवीत आहे.