पहिल्या केमोच्या आधी: दोघांसाठी तयारीची यादी

आमच्या भजनी मंडळातल्या एका ताईंना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. केमो ठरली, आणि ताई व त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दादा, यांनी मला विचारलं, "नेमकी तयारी काय काय करायची?" आमच्याकडे यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, आजारपण काढलेलं असल्यामुळे मला थोडंफार ठाऊक होतं. ते त्यांच्यासाठी लिहून काढलं. पुण्यात आणखी कुणा जोडप्यावर ही वेळ आली असेल, तर त्यांनीही आपल्या सोयीने यातलं घ्यावं.

आधी कागद. एकच जाड फाईल करा. त्यात बायोप्सीचा रिपोर्ट, ईआर-पीआर-हर टूचा रिपोर्ट (गाठ कुठल्या प्रकारची ते यावरून कळतं), स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात ताजा कागद वर. पहिल्या पानावर ताईंचा रक्तगट, चालू गोळ्या, कुठल्या औषधाची ॲलर्जी आणि दादांचा नंबर ठळक लिहा. रात्री कॅज्युअल्टीत गेलात की ड्युटीवरचा डॉक्टर तेवढंच पान वाचणार असतो. दुसरं मत घ्यायचं असेल, मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला दाखवायचं असेल, तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लॅबमधून मागून घ्यावे लागतात, आणि ते मिळायला वेळ जातो. म्हणून ते काम आजच सांगून ठेवा.

डॉक्टरांकडे दोघांनी मिळूनच जा. एकाने ऐकायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं. उपचार पूर्ण बरं करण्यासाठी आहेत की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी, हा प्रश्न जड वाटला तरी पहिल्याच भेटीत विचारा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. केमो सुरू होण्याआधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हिपॅटायटिस बी या काविळीची तपासणी झाली का ते विचारा. दातात कीड असेल तर ती आधी निस्तरून घ्या. केमोत तोंड येतं, आणि तेव्हा दाताचं काम काढणं त्रासाचं होतं. वय लहान असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर बीजांडं किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याबद्दल पहिल्या केमोच्या आधीच बोलावं लागतं. संकोचापायी हा विषय मागे पडू देऊ नका.

पैशांचं थोडक्यात सांगते. विमा असेल तर हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे कागद पाहतात तिथे, जाऊन डे-केअर केमो (त्याच दिवशी घरी सोडतात ती) कॅशलेसमध्ये बसते का ते लेखी घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण यादीतल्याच हॉस्पिटलमध्ये. तिथे योजनेची माहिती देणारे आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याआधी त्यांना भेटा. धर्मादाय हॉस्पिटलांना कायद्याने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तिथल्या समाजसेवा विभागात स्वतः जाऊन विचारावं लागतं. ट्रस्टकडे किंवा ओळखीच्यांकडे मदत मागताना मान खाली घालू नका. बँकेचं एक खातं दोघांच्या नावावर असू द्या, दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील असं.

आता घरातल्या सगळ्यात महत्त्वाच्या वस्तूबद्दल: डिजिटल थर्मामीटर. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या काळात ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर सकाळची वाट पाहायची नाही, आपल्या मनाने तापाची गोळी द्यायची नाही. हॉस्पिटलच्या नंबरवर फोन करून तडक निघायचं, आणि दारातच सांगायचं, "केमो चालू आहे, ताप आलाय." गोळीने ताप उतरतो, पण आत वाढणारा संसर्ग लपतो. हे दादांनी पाठ करावं, आणि शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवावं.

तारखांचं पुणेरी गणितही करा. बऱ्याच केमो दर 21 दिवसांनी असतात, म्हणजे पुढच्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहिता येतात. त्यात पालख्यांचे आणि विसर्जनाचे दिवस येतात का ते पाहा. माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते तेव्हा निम्मं शहर वळसा घालून ओलांडावं लागतं. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता दुसऱ्या दिवसापर्यंत बंद असतात. त्या दिवसांत तारीख येत असेल तर आदल्या रात्री हॉस्पिटलच्या बाजूच्या नातेवाइकांकडे मुक्काम करा. रात्री ताप आला तर कुठल्या रस्त्याने निघायचं तेही ठरवून ठेवा. एरवी तपासणीला जायला मेट्रो चांगली, वनाझहून रुबी हॉलपर्यंत थेट जाता येतं. पण केमो घेऊन परतताना मास्क लावून रिक्षा किंवा गाडीच करा.

माणसांबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण यावर सगळं तरतं. बातमी कळली की लोक येतात, फोन करतात, "काही लागलं तर सांगा" म्हणतात. आपले लोक हे मनापासूनच म्हणतात, पण काय करायचं ते त्यांना सुचत नाही. तेव्हा आपण काम नेमून द्यायचं. डबा कुणी कुठल्या वारी द्यायचा, केमोच्या दिवशी गाडी कोण काढणार, धाकट्याला शाळेतून कोण आणणार, हे एका कागदावर लिहून मंडळातल्या एकीच्या हाती द्या. डब्यात मऊ भात, मुगाची खिचडी, घट्ट वरण, उकडलेली अंडी, पनीर असं पोटाला झेपणारं आणि प्रथिनांचं असू द्या. फोडणीच्या वासानेही मळमळतं, म्हणून स्वयंपाक शक्यतो दुसऱ्या घरात व्हावा. तब्येतीची खबर एकाच माणसाकडून जाऊ द्या. ताईंनी पन्नास जणांना तेच ते सांगत बसू नये. रक्तदात्यांची नावं आणि गट लिहून ठेवा. प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) पिशवीत फक्त 5 दिवस टिकतात, त्यामुळे आयत्या वेळी बोलावता येतील अशी माणसं हाताशी लागतात. रक्ताच्या कर्करोगात तर ही यादी सगळ्यांत आधी करावी.

भेटीचेही नियम करा आणि ते न लाजता पाळा. सर्दी-खोकला असलेल्याने यायचं नाही. पेशी कमी असतात त्या दिवसांत दाराबाहेरूनच. आमच्या मंडळातल्या एक मावशी डबा दारातल्या स्टुलावर ठेवायच्या, चार पावलं मागे सरायच्या आणि तिथेच उभ्या राहून हरिपाठ म्हणायच्या. हातात टाळ नसायचे, बोटांनीच पिशवीच्या बंदावर ठेका धरायच्या. आत पलंगावरून आमचे हे तो ऐकत राहायचे.

देवाला या सगळ्यात जागा नीट ठरवून द्या. एकादशी, संकष्टी, गुरुवार जे काही चालू असेल ते केमोच्या काळात ताईंनी थांबवावं. ताकद टिकवायची असते, उपाशी राहून चालत नाही. नेम मोडल्याची टोचणी लागत असेल तर तो उपास दादांनी धरावा आणि ताईंनी त्यांच्या शेजारी बसून पोटभर जेवावं. देव दोघांचा आहे. बाहेरचं पंचामृत, चिरलेल्या फळांचा प्रसाद, उघड्या परातीतले पेढे नकोत. नमस्कार करून बाजूला ठेवा. घरी केलेला गरम शिरा चालतो. तुळशीला पाणी दादांनी घालावं, मातीत ताईंचे हात नकोत, आणि निर्माल्याचं पाणीही घरात साचू देऊ नका. मंदिरात जायची ओढ लागली तर सकाळी दार उघडतं तेव्हा, गर्दीच्या आधी जा. संध्याकाळचा हरिपाठ मंडळ फोनवर लावून देईल. ताईंनी म्हटला नाही, नुसता ऐकला तरी चालेल, मध्येच झोप लागली तरी चालेल. नवस बोलायचाच असेल तर तो निरोग्या माणसाने फेडायचा असू द्या.

लोक काढे सुचवतील, कुणाच्या तरी पावडरी आणून देतील. त्यांचा जीव असतो म्हणून ते आणतात, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीही पोटात जाऊ देऊ नका. काही वनस्पतींनी यकृतावर ताण येतो, केमोच्या औषधांचा परिणाम बदलतो. आणि कुणी म्हणालं की कुळाचार चुकला असेल, मागचं काही राहिलं असेल, तर दादांनी तिथल्या तिथे थांबवावं. हा आजार कुणाच्या पापाची फेड नाही. ताईंच्या कानावर ते वाक्य पडता कामा नये.

ऑपरेशन किंवा एमआरआय असेल तेव्हा अंगावरचा धातू काढावा लागतो. मंगळसूत्र काढताना बहुतेकींचा हात थरथरतो, म्हणून ते ऑपरेशन थिएटरच्या दारात, सिस्टरच्या घाईत काढू नका. आदल्या संध्याकाळी देवापुढे दादांनी काढून घ्यावं आणि देव्हाऱ्यात ठेवावं. जोडवी घट्ट झाली असतील तर साबणाचं पाणी लावून आधीच सोडवा, नाहीतर ती कापावी लागतात. नखांचं नेलपॉलिशही पुसा, बोटाला लावतात त्या ऑक्सिजनच्या चिमट्याला ते अडतं. स्तनाच्या कर्करोगाच्या बऱ्याच केमोंमध्ये केस दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. आधीच बारीक कापून घेतले की उशीवरचे पुंजके कमी दिसतात. सुती स्कार्फ दोन-तीन घेऊन ठेवा.

एक बोलणं मात्र दोघांनीच, दार लावून करायचं. उपचार लागू पडले नाहीत तर कुठपर्यंत जायचं, व्हेंटिलेटर हवा की नको, कुणाला बोलवायचं. असं बोलणं म्हणजे अपशकुन नाही. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली की ते होतं. निरोग्या माणसानेही करावं, म्हणून दादांनीही त्याच दिवशी करावं.

दादांचं शेवटी लिहिते, कारण त्यांना कुणी विचारत नाही. स्वतःच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या संपू देऊ नका, रजांचा हिशेब ऑफिसात आत्ताच बोलून ठेवा, आणि रात्रीची झोप मोडणार असेल तर दुपारी दोन तास कुणाला तरी बसवून झोपा. मंडळातल्या दोघांनी ठरवलंय की दर रविवारी सकाळी दादांना तळजाई टेकडीवर चालायला न्यायचं. तेवढा वेळ ताईंजवळ मी बसणार आहे.